एका नवलराष्ट्राचे कायदे

कल्पित राष्ट्रे रचण्याचा नाद युरोपातील पंडितांस फार जुना आहे. इंग्लंडच्या सर थॉमस मोर याने १५१६ साली 'युटोपिया' नावाचे एक बेट कागदावर वसविले. तेथील लोक सोन्याची शौचपात्रे करीत आणि गुलामांस सोन्याच्या बेड्या घालीत, हेतू हा की प्रजेस त्या धातूचा तिटकारा यावा. पुढे १७२६ साली जोनाथन स्विफ्ट याने आपल्या गलिव्हरास लिलिपुटात धाडिले व तेथील सारा राजकीय कलह अंडे कोणत्या टोकाने फोडावे या एका प्रश्नावर आणून ठेविला. हल्ली तर कित्येक तरुण मंडळी करमणूक म्हणून स्वतःचे राष्ट्र निर्माण करितात, त्याचा ध्वज काढितात, नाणे पाडितात आणि मनास येतील तसे विक्षिप्त कायदे करितात. खेळ निरुपद्रवी आहे. बुद्धीस चालना देणाराही आहे.

परंतु परतूर, सेलू, पाथरीकडील आमच्या वाचकांस याकरिता कल्पनाशक्ती शिणविण्याचे काही कारण नाही. त्यांचे आजे-पणजे अशाच एका नवलराष्ट्रात जन्मले, तेथेच त्यांनी सारा भरिला, आणि पुष्कळांनी तेथील तुरुंगही पाहिला. त्या राष्ट्राचा विस्तार सुमारे ८२,७०० चौरस मैल होता आणि १९४१ च्या शिरगणतीप्रमाणे त्याची लोकसंख्या सुमारे १ कोटी ६३ लाख होती. त्याचे नाणे निराळे, टपालाची तिकिटे निराळी, पंचांग निराळे, रेल्वे स्वतःची, जकातीचे नाके स्वतःचे. १५ ऑगस्ट १९४७ पासून १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत तेरा महिने तर आपण जगातील एक स्वतंत्र सार्वभौम राष्ट्र आहो असा त्याचा दावा होता. निजामाचे हैदराबाद ते हेच, हे वाचकांनी ओळखलेच असेल. परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यात होते. १९८१ साली जालना जिल्हा नवा झाला तेव्हा ते त्यात गेले.

या राज्यातील एखाद्या दुकानदाराचा साधा दिवस डोळ्यांपुढे आणावा. घरातील सणवार शालिवाहन शकाच्या पंचांगाने चालत. शेजारच्या मुसलमान कुटुंबाचे सण हिजरी महिन्यांनी येत. मुंबईच्या अडत्याचे पत्र इंग्रजी तारखेने येई. आणि कचेरीतला दावा मात्र फसली सनाप्रमाणे चाले, ज्याचे वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात उगवे आणि ज्याचे महिने आजुर, दै, बहमन, इस्फंदार असे इराणी नावांचे असत. ज्या दिवशी दिल्लीस आणि मुंबईस १९४७ चा ऑगस्ट होता त्या दिवशी परतुराच्या सरकारी कागदावर १३५६ फसली चालू होते. पेशीची तारीख चुकली म्हणून दावा निकाली निघाल्याचे दुःख ज्यास झाले असेल त्यास या चार पंचांगांत काव्य दिसले नसेल.

पैशाची तीच गत. राज्याचा रुपया तो 'हाली', इंग्रजी मुलखातला तो 'कळदार'. शंभर कळदारांस एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली असा सरकारी भाव होता. म्हणजे ढोबळ मानाने सहा कळदारांस सात हाली. मनमाडकडून निजामी रेल्वेने आलेल्या मालावर करोडगिरीचा नाका जकात घेई, आणि येथील कापूस बाहेर निघाला तरी त्यास जकात चुकत नसे. देवाणघेवाणीचा हा गुणाकार-भागाकार ज्यास तोंडपाठ, तो सावकार. ज्यास येत नाही, तो कुणबी. राज्याच्या अर्थशास्त्राचे इतके सोपे पुस्तक आमच्या पाहण्यात दुसरे नाही.

भाषेचे प्रकरण याहून गंभीर. राज्यात तेलुगू बोलणारे जवळजवळ निम्मे, मराठी बोलणारे सुमारे चौथा हिस्सा, त्याखालोखाल कानडी. उर्दू ज्यांची जन्मभाषा ते साधारण दशांश. तथापि एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात फारसी गेली आणि तिच्या जागी कचेरीची भाषा म्हणून उर्दू आली, ती राज्य असेपर्यंत राहिली. यात एक गोष्ट निजामसरकारच्या बाजूने सांगितली पाहिजे. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले तेव्हा त्याने वैद्यक, कायदा, शास्त्रे हे सर्व इंग्रजीत न शिकविता एका देशी भाषेत शिकविण्याचा संकल्प केला आणि त्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खाते उघडले. मुंबई व कलकत्ता येथील विद्यापीठांस हे धाडस तोवर झालेले नव्हते. ज्यांनी मराठीचा कैवार घेण्यात आयुष्य घालविले त्यांनीही या प्रयोगाची नुसती थट्टा करू नये. दोष इतकाच, आणि तो लहान नव्हे, की ती देशी भाषा दहांतील नवांची नव्हती. पाथरीकडच्या मुलास विद्या मिळवावयाची तर आधी एक परकी लिपी आणि परकी भाषा शिकावी लागे. आणि ज्याने ती शिकली नाही, त्याची जमीन कोणत्या कागदाने गेली हेही त्यास दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागे.

राज्यव्यवस्था वरून पाहता सुबक होती. शिरोभागी खुद्द निजाम. त्यांचा फर्मान हा कायद्यांचा कायदा. त्याखाली १९१९ पासून 'बाब-इ-हुकूमत' नावाचे कार्यकारी मंडळ व त्याचे मुख्य 'सदर-इ-आझम'. जिल्ह्यास अव्वल तालुकदार, पोलिसांस मोहतमीम, ठाण्यावर अमीन, गावात माली पाटील व पोलीस पाटील. सरकारी हुकूम 'जरीदा' नावाच्या राजपत्रात प्रसिद्ध होत आणि खात्यांची परिपत्रके 'गश्ती' या नावाने फिरत. न्यायखाते कार्यकारी खात्यापासून वेगळे करण्याची गोष्ट ब्रिटिश हिंदुस्थानात अनेक वर्षे नुसती चर्चेत असता हैदराबादेत १९२० नंतरच्या पहिल्या वर्षांतच ती फर्मानाने करून टाकिली होती. कागदावर हे राज्य कित्येक बाबतींत शेजाऱ्यांच्या पुढे होते. पण या कागदाची सत्ता राज्याच्या सर्व भूमीवर चालत नव्हती! सुमारे चार-दशांश भूमी सरकारच्या सरळ हाती नसे. ती जहागिरदारांची, पायगांची, आणि निजामांच्या स्वतःच्या खर्चासाठी तोडून ठेविलेल्या 'सर्फ-इ-खास' मुलखाची. मोठ्या जहागिरींत न्यायाधीश आणि शिपाई जहागिरदाराचेच. राष्ट्राच्या पोटात राष्ट्र, आणि त्याच्या पोटात आणखी एक. वेठबिगार बंद करणारे हुकूम निघाले, कर्जापायी राबणाऱ्या भगेल्यांसाठी १९३६ साली कायदाही झाला. परंतु जेथे कायदा पोहोचविणारा व वेठीस धरणारा हे दोघे एकच, तेथे कायद्याने पोहोचावे कोणाकडे?

राजाची भेट घ्यावयाची तर नजराणा द्यावा लागे, आणि तो सोन्याच्या अश्रफीचा. १९३७ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील 'टाइम' साप्ताहिकाने जगातील सर्वांत श्रीमंत पुरुष म्हणून निजामांचे चित्र मुखपृष्ठावर छापिले. ज्यास हिऱ्यांची मोजदाद नाही तो प्रजेकडून एकेक मोहोर घेतो, हे मोर साहेबांस सुचले असते तर त्यांनी तेही आपल्या बेटावर घातले असते.

येथवरच्या गोष्टी ऐकून परक्यास हसू येईल, आणि येण्यास हरकत नाही. चार पंचांगे आणि दोन रुपये यांनी मनुष्याचा जीव जात नाही. ज्या एका कायद्याने या राज्यातील मनुष्याचे मनुष्यपण हिरावले तो दिसण्यात अगदी साधा होता. त्यात विक्षिप्तपणा शोधूनही सापडत नाही. त्याचे नाव 'गश्ती निशाण ५३'. १९२९ साली निघालेल्या या परिपत्रकाचा आशय असा की, सार्वजनिक सभा भरवावयाची असेल तर सरकारची आगाऊ परवानगी घ्यावी. यात वाईट काय, असे एखादा सरळ मनाचा गृहस्थ विचारील. विचारावी परवानगी! पण परवानगी देणारा अधिकारी ती कधी देईल याची मुदत नाही, न दिल्यास कारण सांगण्याचे बंधन नाही, आणि नकारावर दाद मागण्याची जागा नाही, अशा स्थितीत 'परवानगी घ्यावी' या शब्दांचा अर्थ 'गप्प बसावे' असाच होतो. चार माणसांनी एकत्र येऊन गावच्या विहिरीसंबंधी बोलणे हेही मग अमीनाच्या मर्जीवर जाते.

ही मर्जी सभेपुरती राहिली नाही. खासगी शाळा उघडण्यास पूर्वपरवानगी लागावी असा नियम त्याच्या काही वर्षे आधीच झाला होता. ज्या राज्यात शाळा मुळातच थोड्या, तेथे पदरमोड करून शाळा काढणाऱ्यास गुन्हेगारासारखे अर्ज करीत फिरावे लागले. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा आणि अंबाजोगाईची योगेश्वरी या संस्था चालविणाऱ्यांनी हे सर्व सोसले. पुढे तालीम-आखाड्यांवर नियम आले, बाहेरील वर्तमानपत्रांवर बंदी आली. आ. कृ. वाघमारे यांच्या 'मराठवाडा' साप्ताहिकावर बंदी पडे, की तेच पत्र दुसरे नाव धारण करून पुन्हा बाहेर पडे. त्यासही बंदी झाली की तिसरे नाव. सरकारला पत्राच्या नावाची भीती होती की त्यातील मजकुराची, हे सरकारासही शेवटपर्यंत उमगले नसावे.

याचा एक परिणाम असा झाला की, या राष्ट्राच्या प्रजेस आपल्या राज्याविषयी काही बोलावयाचे असेल तर परराष्ट्रात जावे लागे. हैदराबाद राजकीय परिषदेची अधिवेशने पाहा. पहिले १९२३ साली काकिनाड्यास, दुसरे १९२६ साली मुंबईस, तिसरे १९२८ साली पुण्यास, चौथे १९३१ साली अकोल्यास. चारांपैकी एकही निजामाच्या हद्दीत नाही. घरातील म्हातारीचे दुखणे सांगण्यास सूनबाईने शेजारणीच्या ओसरीवर जावे, तसा हा प्रकार. बाहेर झालेल्या ठरावांचे हैदराबादेत काय मोल होणार? 'हे परमुलखातील लोकांनी भडकविलेले' असे म्हणावयास सरकार मोकळे.

१९३७ साली परतुरात जे झाले त्याचे महत्त्व या पार्श्वभूमीवर पाहावे. महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन त्या वर्षी येथे भरले आणि त्याचे अध्यक्ष गोविंदराव नानल होते. तेलुगू भाषिकांची आंध्र महासभा त्याआधी काही वर्षे काम करू लागली होती. मराठी मुलखास आता स्वतःचे व्यासपीठ लाभले, आणि तेही हद्दीच्या आत. परतूर हे काही मोठे शहर नव्हे. तेथे ना विद्यापीठ, ना हायकोर्ट. पण गाव मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गावर होते, आणि सरकारची नजर औरंगाबाद व नांदेड येथे जितकी कडक तितकी लहान गावावर नसावी, असा आमचा तर्क आहे. परिषदेने राज्यक्रांतीची भाषा केली नाही. शिक्षण, मातृभाषा, नागरिकांचे साधे हक्क, एवढेच विषय. पण आपल्याच गावी, आपल्याच भाषेत, आपल्याच राज्यकर्त्यांविषयी मोठ्याने बोलता येते, हे ज्या शेकडो लोकांनी प्रथम डोळ्यांनी पाहिले, त्यांच्या मनात काय पालट झाला असेल याची कल्पना आजच्या वाचकास करणे कठीण आहे. त्यास सभा फुकट मिळाल्या आहेत, आणि फुकटच्या वस्तूची किंमत तो तशीच करितो.

पुढचा प्रसंग तर कोणत्याही कल्पित राष्ट्राच्या इतिहासात शोभावा. १९३८ सालच्या सप्टेंबरात हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन व्हावयाची होती. ती स्थापन होण्यापूर्वीच, ७ सप्टेंबर रोजी, सरकारने तीवर बंदी घातली! जन्मास न आलेल्या बालकास हद्दपारीची शिक्षा देण्याचा हा न्याय लिलिपुटातही सुचला नव्हता. सरकारचे म्हणणे असे की ही संस्था जातीय आहे. जिला अजून घटना नाही, सभासद नाहीत, तिचा स्वभाव सरकारास कोणत्या ज्योतिष्याने सांगितला हे कळत नाही. २४ ऑक्टोबर १९३८ रोजी बंदी मोडून सत्याग्रह सुरू झाला. पहिल्या तुकडीचे पुढारी कोण? परतूरच्या परिषदेचे अध्यक्ष गोविंदराव नानल. पुढच्या तुकडीत स्वामी रामानंद तीर्थ होते. त्याच हिवाळ्यात उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत 'वंदे मातरम्' म्हणण्यास मनाई झाली. मुले ऐकेनात, तेव्हा त्यांची नावे काढून टाकण्यात आली आणि त्यांतील पुष्कळांस नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला. स्टेट काँग्रेसवरील बंदी उठावयास १९४६ चा जुलै उजाडावा लागला. मागणी काय होती? आसफजाही घराण्याच्या छत्राखाली जबाबदार राज्यपद्धती. राजास गादीवरून उतरवा असे तोवर कोणी म्हणतही नव्हते.

१९३९ साली सरकारने राजकीय सुधारणा म्हणून जी योजना जाहीर केली तीविषयी दोनच शब्द पुरेत. विधिमंडळातील प्रतिनिधी गावानिहाय निवडावयाचे नाहीत, धंद्यानिहाय निवडावयाचे. जहागिरदारांचे वेगळे, पट्टेदारांचे वेगळे, वकिलांचे, वैद्यांचे, पदवीधरांचे वेगळे. निवडून द्यावयाच्या जागा हिंदू व मुसलमानांत समसमान, मग त्यांची संख्या कितीही विषम असो. अखेरचा शब्द पुन्हा फर्मानाचा. या योजनेप्रमाणे निवडणूक होण्यास १९४६ साल लागले आणि स्टेट काँग्रेसने तीवर बहिष्कार घातला.

इत्तेहादुल मुसलमीन या संस्थेने याच काळात 'अनल मलिक' हे तत्त्व पसरविले. प्रत्येक मुसलमान हा स्वतः राजा आहे, निजाम हे केवळ त्या सामुदायिक राजेपणाचे प्रतीक, असा त्याचा अर्थ. परतुरातील मोमीन आणि पिंजारी हे रातोरात राजे झाले. पण या राजांस ना मुकुट मिळाला, ना कर्जमाफी. धान्याची लेव्ही त्यांच्याही घरून गेली आणि सावकाराचे व्याजही त्यांस सुटले नाही. गरिबास राज्याचा भास देऊन त्याच्या हातात शेजाऱ्याविरुद्ध काठी द्यावी आणि खरे राज्य जहागिरदाराने उपभोगावे, ही युक्ती कोणा एका धर्माची मिरास नाही. ती ओळखणारेही त्या समाजात होते. 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान यांनी रझाकारांविरुद्ध लिहिले, हिंदी संघराज्यात सामील व्हावे असे लिहिले, आणि १९४८ च्या ऑगस्टात हैदराबादच्या रस्त्यावर त्यांचा खून झाला. मारेकऱ्यांनी त्यांचा लिहिता हात तोडिला. आमच्या व्यवसायातील या माणसाचे नाव मुक्तिसंग्रामाच्या दिवशी होणाऱ्या भाषणांत आम्हांस क्वचितच ऐकू येते.

आणि दुसरीही एक गोष्ट त्या भाषणांत ऐकू येत नाही. रझाकारांनी केलेले अत्याचार आपण सांगतो, ते सांगितलेच पाहिजेत. पण १७ सप्टेंबरनंतरच्या आठवड्यांत उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा या भागांत निरपराध मुसलमानांवर जो सूड उगविला गेला, त्याची चौकशी खुद्द भारत सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या मंडळाने केली. त्या मंडळाचा अंदाज निदान २७ हजार ते ४० हजार माणसे मारली गेली असा होता. तो अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध झाला नाही. ज्या राज्यात सत्य छापण्यास बंदी होती ते राज्य आम्ही मोडिले, आणि मोडताना घडलेले सत्य आम्ही कपाटात ठेविले. या वागणुकीस काय नाव द्यावे हे वाचकांनीच ठरवावे.

तेरा महिन्यांच्या स्वतंत्र राष्ट्राचा शेवट त्याच्या कायद्यांइतकाच विलक्षण आहे. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारताशी 'जैसे थे' करार झाला, आणि पाठोपाठ हिंदी रुपया आपल्या हद्दीत वैध चलन नाही असा वटहुकूम या सरकारने काढिला; म्हणजे परतूरच्या व्यापाऱ्याच्या पेटीतील कळदार एका रात्रीत परदेशी ठरले. ऑगस्ट १९४८ मध्ये या राष्ट्राने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीकडे फिर्याद नेली. सुनावणी पॅरिसला १६ सप्टेंबर रोजी झाली. दुसऱ्याच दिवशी फिर्यादी राष्ट्र शरण गेले. निजामांनी पुढे फिर्याद मागे घेतल्याचे कळविले, तरी 'हैदराबादचा प्रश्न' समितीच्या कामाच्या यादीत त्यानंतर दीर्घकाळ तसाच पडून राहिला. त्याच सप्टेंबरात, पराभवानंतर तीन दिवसांनी, या राष्ट्राचे सुमारे १० लाख पौंड लंडनच्या एका बँकेत पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या नावे वर्ग झाले. ते कोणाचे, याचा निकाल लंडनच्या न्यायालयाने २ ऑक्टोबर २०१९ रोजी दिला. भारत सरकार व निजामांचे वारस यांच्या बाजूने. तोवर ती रक्कम सुमारे साडेतीन कोटी पौंड झाली होती. राष्ट्र जाऊन एकाहत्तर वर्षे लोटली, व्याज चालूच होते.

खुद्द निजामांस तर कोणी हातही लाविला नाही. २६ जानेवारी १९५० पासून ते त्याच राज्याचे राजप्रमुख झाले आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्याचे भाषावार तुकडे होऊन मराठवाडा मुंबई राज्यात येईपर्यंत त्या पदावर राहिले. जहागिरी १९४९ साली गेल्या.

मग ते राष्ट्र संपले काय? परतूर तहसिलीच्या दारात उभे राहणाऱ्या शेतकऱ्यास विचारा. त्याच्या कुळवहिवाटीचा हक्क आजही 'हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५०' या कायद्याने ठरतो; पुण्याच्या किंवा विदर्भाच्या शेतकऱ्यास तो लागू नाही. त्याच्या इनामाचा वाद १९५४ च्या हैदराबादी कायद्यात शिरतो. वारसाच्या तंट्यात वकील साहेब १९५४ चे खासरा पाहणी पत्रक मागतात, आणि त्यामागे जावयाचे तर फसली सनाचे उर्दू कागद निघतात. २०२३ साली कुणबी नोंदींच्या शोधार्थ न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमण्यात आली तेव्हा तीस निजामकालीन दप्तरांकडेच वळावे लागले; २ सप्टेंबर २०२५ रोजी राज्य सरकारने हैदराबाद गॅझेटियरच्या आधारे प्रमाणपत्रांची कार्यपद्धती ठरविली. त्या निर्णयाच्या गुणदोषांत आम्ही येथे शिरत नाही. पण लक्षावधी कुटुंबांचे भवितव्य ज्या कागदांवर टांगलेले आहे ते कागद वाचू शकणारी माणसे जिल्ह्यात मोजकी आहेत, आणि एका पानाच्या वाचनासाठी गरिबाने मध्यस्थाच्या पायऱ्या झिजवाव्यात ही १९३७ सालची स्थिती अद्यापि बदललेली नाही. तेव्हा सरकार परके होते, असे समाधान तरी होते.

परवानगीचेही तेच. राज्यघटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदाने शांततेने व विनाशस्त्र एकत्र येण्याचा हक्क नागरिकास दिला. तथापि महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या ३७ व्या कलमान्वये जमावबंदीचे आदेश आमच्या जिल्ह्यांत सणावारापासून निवडणुकीपर्यंत इतक्या नियमाने निघतात, की वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात ते हवामानाच्या शेजारी छापिले जातात व तितक्याच उदासीनतेने वाचले जातात. दंगा टाळण्यासाठी असा अधिकार कधी लागतो, हे आम्हांस मान्य आहे. पण आदेश का काढिला याचे कारण लोकांस कळेल अशा शब्दांत द्यावे, त्याची मुदत आपोआप वाढवू नये, आणि शेतकऱ्यांनी पीकविम्यासाठी तहसिलीसमोर बसण्याचा अर्ज केला तर त्यास ठरलेल्या मुदतीत लेखी होकार वा सकारण लेखी नकार मिळावा, एवढी मागणी अवास्तव नाही. गश्ती ५३ मध्ये नेमक्या याच तीन गोष्टी नव्हत्या.

म्हणून सरकारकडे आमच्या दोन सूचना आहेत. निजामी अमलातील गश्त्या, फर्माने आणि जरीद्यांतील महसुली हुकूम यांचे मराठी भाषांतर करवून ते छापावे व सर्वांस विनामूल्य पाहू द्यावे; हैदराबाद व मुंबई येथील दप्तरखान्यांत हे साहित्य आहे, भाषांतर करू शकणारे उर्दूचे शिक्षक मराठवाड्यातच आहेत आणि त्यांतील पुष्कळ बेकार बसले आहेत. दुसरी सूचना अशी की मराठवाड्यातील प्रत्येक तहसिलीत आठवड्यातून निदान एक दिवस उर्दू आणि मोडी कागद वाचून देणारा सरकारी वाचक बसवावा, आणि त्याने वाचलेल्या पानाची साक्षांकित मराठी प्रत ठरलेल्या अल्प शुल्कात अर्जदारास त्याच दिवशी द्यावी. परतुरापासून आरंभ करण्यास काही अडचण दिसत नाही. बाजाराचा दिवस धरावा. खेड्यापाड्यांतील माणूस त्या दिवशी गावात असतोच, त्याची वेगळी खेप वाचेल.